दिसणं वेगळं, नेम वेगळा: रायफलीच्या दुर्बिणीचा इतिहास आणि आपलं उपकरण

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलात की 'साधने आणि पद्धती' या मथळ्याखाली गाडी हमखास अडते. कोणतं उपकरण वापरणार? किती रिझोल्यूशनचं? विभागात आहे त्यावर भागेल, की नमुने पुण्या-मुंबईला पाठवावे लागतील? यावर आपल्यापैकी बहुतेकांचा निकष एकच असतो: जितकं बारीक दिसेल तितकं चांगलं. हा निकष खरा आहे का, हे आज एका वेगळ्याच क्षेत्रातल्या प्रश्नावरून तपासू. लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी रायफलीवर दुर्बीण निवडायची असेल तर काय बघायचं? प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याच्यामागे पावणेचारशे वर्षांचा वाद आहे, आणि त्यातला एक धागा थेट कोल्हापुरात येतो.

कोल्हापूरची पदकं, पण दुर्बीण कुठे आहे?

8 ऑगस्ट 2010 रोजी म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवलं. गुण होते 600 पैकी 597. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीत 451.4 गुण, म्हणजे दर गोळीमागे सरासरी दहाच्या वर.

या दोघांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांच्या 10, 50 आणि 300 मीटर रायफल प्रकारांत भिंग असलेली कोणतीही साइट चालत नाही. मागे एक बारीक भोक, पुढे एक छोटं कडं, आणि पलीकडे लक्ष्यावरचा काळा गोल, एवढ्यावर नेम धरायचा. शेजारी स्टँडवर दुर्बीण ठेवायला मुभा असते, पण ती गोळी कुठे लागली ते बघायला.

आता थोडं गणित करू. कोनाची एककं तुम्हाला पंचांगामुळे माहीत असतील: एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. नेमबाजांच्या बोलण्यात 'एक एमओए' असं येतं ना, ती हीच एक कला. निरोगी डोळ्याला साधारण एक कला अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. त्याहून जवळ आले की ते एकमेकांत मिसळतात.

50 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. नेमबाजाच्या डोळ्याशी त्याचा कोन होतो सुमारे 0.7 कला, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेपेक्षाही लहान. गोळीची कड वर्तुळाला टेकली तरी दहा मिळतात, हे धरलं तर 5.6 मिलिमीटरच्या गोळीचा मध्य 16 मिलिमीटरच्या वर्तुळात पडला पाहिजे. तोही कोन होतो जेमतेम 1.1 कला. थोडक्यात, दहाचं वर्तुळ नेमबाजाला दिसत नाही. दिसतो तो फक्त 112.4 मिलिमीटरचा काळा गोल, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण चौथ्या भागाएवढा. तरीही गोळी मध्यावर जाते, साठ-साठ वेळा.

हे कसं जमतं? नेमबाज दहाचं वर्तुळ शोधतच नाही. तो पुढच्या कड्याच्या आत काळा गोल असा बसवतो, की भोवतीची पांढरी पट्टी चहूबाजूंनी सारखी दिसेल. पट्टी एका बाजूला किंचित जाड झाली तरी डोळ्याला ते लगेच खटकतं. दोन बिंदू वेगळे ओळखणं हे डोळ्याचं एक काम आणि दोन गोष्टी जुळल्यात की सरकल्यात हे ओळखणं दुसरं. दुसऱ्या कामात आपला डोळा पाच-दहा विकलांपर्यंत पोचतो. बारावीच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरच्या रेघा जुळवताना तुम्ही हीच शक्ती वापरलेली आहे. 1975 मध्ये जेराल्ड वेस्टहायमर यांनी तिला 'हायपरअ‍ॅक्युइटी' असं नाव दिलं.

म्हणून वहीत पहिलं वाक्य हे लिहा: रिझोल्यूशन आणि स्थाननिश्चिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या स्पेक्ट्रममधल्या शिखराची रुंदी आणि त्या शिखराचं स्थान किती अचूक सांगता येतं हेही तसंच वेगळं असतं. सिग्नल स्वच्छ असेल तर रुंद शिखराचाही मध्य तुम्ही रुंदीच्या कितीतरी लहान भागापर्यंत ठरवू शकता.

कोळ्याचा धागा

आता दुर्बिणीकडे येऊ. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं, त्यामुळे नळीच्या आत प्रत्यक्ष प्रतिमा तयार होत नसे. 1611 मध्ये केपलरने दोन्ही बहिर्गोल भिंगांची रचना मांडली. तिच्यात नळीच्या आत एका प्रतलावर खरी प्रतिमा पडते. त्या प्रतलात काही ठेवलं तर काय होईल, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

ते घडलं यॉर्कशरमध्ये, 1639 च्या सुमारास. विल्यम गॅस्कॉइन नावाच्या तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने जाळं विणलं. त्याचा धागा नेमका प्रतिमेच्या प्रतलात आला, आणि गॅस्कॉइनला आकाश व धागा दोन्ही एकाच वेळी ठसठशीत दिसले. त्याने तारा धरण्यासाठी मुद्दाम धागे बसवले. आज प्रत्येक रायफल-दुर्बिणीत दिसणारी फुली तिथून आली.

यातला फायदा नीट बघा. उघड्या साइटने नेम धरताना डोळ्याला तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी सांभाळाव्या लागतात: मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य. तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्य नाही. दुर्बिणीने फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात आणली. वस्तू मोठी दिसणं हा वरचा नफा झाला.

गॅस्कॉइन 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. काम छापलेलं नव्हतं. 1667 मध्ये फ्रेंचांनी अशाच शोधाचा दावा केला तेव्हा रिचर्ड टाउनली यांनी रॉयल सोसायटीला त्याच्या उपकरणाची माहिती दिली. पेपर 'नंतर पाठवू' म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

हूक बरोबर होता, हेवेलियसही

डान्झिगमध्ये (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) योहान हेवेलियस हा त्या काळचा नावाजलेला निरीक्षक होता. चंद्र बघायला तो दुर्बीण वापरायचा, पण ताऱ्यांची स्थानं मोजायला उघडी साइटच पसंत करायचा. लंडनच्या रॉबर्ट हूकला हे पटेना. 1674 मध्ये त्याने छापून टीका केली. त्याचा मुद्दा सरळ होता: डोळ्याला कलेच्या आसपासच्या कोनाखाली भेद करता येत नाही, तेव्हा दुर्बिणीची साइट नसेल तर उपकरण कितीही मोठं करा, मापन त्यापुढे जाणार नाही.

भांडण कागदावर मिटेना. मग 1679 च्या मे महिन्यात बावीस वर्षांचा एडमंड हॅली डान्झिगला गेला. सोबत दुर्बिणीची साइट असलेलं उपकरण होतं. दोघांनी तेच तारे आपापल्या साधनांनी मोजले. हॅलीला मान्य करावं लागलं की म्हाताऱ्याची पुन्हा पुन्हा घेतलेली मापं एका कलेच्याही आत जुळतात.

हेवेलियसला हे कशामुळे जमलं? त्याची साइट टायको ब्राहेच्या धर्तीची होती. पुढे एक दांडा आणि मागे दांड्याच्या दोन्ही कडांसमोर दोन फटी. तारा दोन्ही फटींतून सारखाच तेजस्वी दिसेपर्यंत उपकरण सरकवायचं. म्हणजे पुन्हा तीच समतोल जुळवण्याची युक्ती, जी दुधाळीच्या रेंजवर सराव करणारी मुलं कड्यात काळा गोल बसवताना वापरतात.

पण इथेच थांबलात तर चुकीचा धडा घ्याल. पुढच्या काळाने हूकची बाजू घेतली. ग्रीनिचच्या वेधशाळेत फ्लॅमस्टीडने दुर्बिणीच्याच साइट वापरल्या आणि खगोलशास्त्र त्या वाटेने काही विकलांपर्यंत पोचलं. हेवेलियसचं कसब त्याच्या डोळ्यात आणि सवयीत होतं, ते शिष्याला देता येण्यासारखं नव्हतं. दुर्बीण मात्र कोणालाही देता येते. तेव्हा साध्या साधनांनी सगळं होतं, असं गाइडला सांगायला जाऊ नका. साधं साधन कशामुळे पुरतं आणि कुठवर पुरतं, हे सांगता आलं पाहिजे.

रायफलीवर दुर्बीण इतक्या उशिरा का आली?

फुलीची दुर्बीण 1639 च्या सुमाराची. रायफलीवर ती नीट बसली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मधली दोनशे वर्षं काय झालं? भिंगं सुधारत होती, पण मुख्य कारण बंदुकीत होतं. गोळीच जर हातभर इकडेतिकडे जात असेल, तर नेम विकलेपर्यंत धरून काय उपयोग?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी मॉर्गन जेम्स हा बंदूक बनवणारा कारागीर आणि जॉन चॅपमन यांनी रायफल व दुर्बीण एकत्र सुधारली. चॅपमनने 1848 च्या पुस्तकात ते लिहून ठेवलं. त्या दुर्बिणी जवळजवळ नळीइतक्या लांब आणि बोटाएवढ्या बारीक असत. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने षटकोनी पोकळीची रायफल केली. 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डनच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत राणी व्हिक्टोरियाने ती झाडली. रायफल यंत्राच्या बैठकीवर पक्की बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. 400 यार्डांवर, म्हणजे सुमारे 366 मीटरवर, गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. कोन काढलात तर 18 विकला. (एकाच वाचनावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे तुम्ही आता म्हणालच. बरोबर आहे. पण व्हिटवर्थची रायफल पुढेही अचूकतेसाठीच ओळखली गेली.)

आता चित्र उलटलं होतं. रायफलीची चूक डोळ्याच्या चुकीपेक्षा लहान झाली आणि दुर्बिणीला काम मिळालं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केलेल्या डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केलेली दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसवली जाऊ लागली. 1862 मध्ये त्याने पेटंट घेतलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात या जोडीचा वापर झाला.

पुढे स्पर्धांनी दोन वाटा केल्या. ब्रिटनची राष्ट्रीय स्पर्धा 1890 मध्ये बिस्ली इथे गेली. तिथे 'टार्गेट रायफल' प्रकारात आजही भोकाची साइट असते, तर 1,200 यार्डांपर्यंत जाणाऱ्या 'मॅच रायफल' प्रकारात दुर्बीण चालते. कॅनडाच्या जॉर्ज फार्कर्सन यांच्या नावावरून आलेल्या 'एफ-क्लास' प्रकारात दुर्बीण आणि टेकू दोन्ही चालतात. तेव्हा कोणती दुर्बीण घ्यावी, हा प्रश्न खरा लागू होतो तो या शेवटच्या दोन प्रकारांत.

मग निवडायची कशी?

समजा अंतर 1,000 यार्ड आहे, म्हणजे 914 मीटर. दुकानदार पहिल्यांदा सांगेल ते मॅग्निफिकेशन: पंचवीस पट, चाळीस पट, साठ पट. तुम्ही पुढच्या भिंगाचा व्यास विचारा. 56 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची प्रकाशाच्या विवर्तनामुळे येणारी मर्यादा साधारण दोन विकला असते. डोळ्याची मर्यादा साठ विकला. साठ भागिले दोन, म्हणजे तीस पट मोठं केलं की भिंगाने दिलेलं सगळं डोळ्यापर्यंत पोचलं. त्यापुढे वाढवलंत तर अस्पष्टपणाच मोठा होतो. शिवाय डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत म्हणजे व्यास भागिले पट. 56 ला 25 ने भागलं तर 2.2 मिलिमीटर, 56 ला 56 ने भागलं तर 1. झोत जितका बारीक, तितकं चित्र अंधारं आणि डोळा नेमका ठेवायला अवघड.

आता चुकांचा ताळेबंद मांडू. आकडे उदाहरणासाठी आहेत, पण अवास्तव नाहीत.

- दुर्बिणीचं रिझोल्यूशन: 2 विकला
- रायफल आणि गोळ्यांचा स्वतःचा विखुरलेपणा: 30 विकला
- वारा: ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा .308 ची गोळी या अंतरावर दोन मीटरपेक्षा जास्त ढकलतो. वाऱ्याच्या अंदाजात दहावा हिस्सा चुकलात, तर गोळी 22 सेंटिमीटर बाजूला, म्हणजे 50 विकला

चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तर त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं 58.3 विकला. आता पैसे ओतून रिझोल्यूशनची चूक शून्यावर आणा. उत्तर? दशांशाच्या एका स्थळापर्यंत पुन्हा 58.3. त्याऐवजी वारा वाचायचा सराव करून ती चूक निम्म्यावर, 25 वर आणा. उत्तर 39.1.

मग दुर्बिणीत बघायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, क्लिकचा खरेपणा. या अंतरावर .308 गोळी इतकी खाली येते की 100 यार्डांवर जुळवलेला नेम साधारण 35 ते 40 कला वर घ्यावा लागतो. दुर्बिणीच्या आत तेवढी सरकायला जागा आहे का? आणि चकतीवर 30 कला फिरवल्यावर फुली खरंच 30 कला सरकते का, परत आणल्यावर मूळ जागी येते का? हे घरबसल्या कळत नाही, तपासावं लागतं. 100 मीटरवर उभी पट्टी लावा. 30 कला म्हणजे तिथे 87.3 सेंटिमीटर. चकती फिरवा, मोजा, परत आणा, पुन्हा मोजा. आपल्या भाषेत याला कॅलिब्रेशन म्हणतात.

दुसरी, पॅरॅलॅक्स. प्रतिमा आणि फुली अगदी एका प्रतलात नसतील, तर डोळा किंचित हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. गॅस्कॉइनच्या कोळ्याने जे फुकटात साधलं होतं, तेच इथे दर अंतराला एका चकतीने जुळवावं लागतं. मोजपट्टीवरचं वाचन तिरकं घेतल्यावर येते तीच ही चूक. मॅग्निफिकेशन वाढवून ती जात नाही, उलट जास्त ठळक दिसते.

तिसरी, वजन. एफ-क्लासच्या एका उपप्रकारात दुर्बिणीसकट रायफल 8.25 किलोच्या आत बसवावी लागते. दुर्बिणीत गेलेले ग्रॅम नळीतून कमी होतात. प्रकल्पाच्या अनुदानाचंही असंच असतं. एका यंत्रात सगळी रक्कम गेली की नमुने, रसायनं आणि प्रवास यांना काही उरत नाही.

आणि एक गंमत. उन्हात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा दुर्बिणीत पाण्यासारखी हलताना दिसते. जास्त मॅग्निफिकेशनवर हा हलका थरथराट लक्ष्यच पुसून टाकतो, म्हणून दुपारी कित्येक नेमबाज पट कमी करतात. पण शेजारच्या दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणून ते हाच थरथराट मुद्दाम बघतात, कारण लाटा ज्या बाजूला वाहताना दिसतात त्या बाजूला वारा आहे. ज्याला सगळे नॉइज म्हणतात, त्यातच ताळेबंदातल्या सर्वांत मोठ्या चुकीची माहिती असते. तुमच्या ग्राफवरचा थरथराट गाळून टाकण्याआधी तो कशाचा आहे, हे एकदा विचारा.

आराखड्यात काय लिहाल?

'अत्याधुनिक उपकरण वापरण्यात येईल' हे वाक्य आधी खोडा. त्याजागी चार ओळींचा ताळेबंद लिहा: माझ्या मापनात चूक कुठून कुठून येते, प्रत्येकीचा अंदाजे आकडा किती, त्यात सर्वांत मोठी कोणती, आणि मागितलेलं उपकरण त्याच चुकीवर काम करतं का. आकडे कच्चे असले तरी चालतील. समिती तुम्हाला आकड्यांसाठी अडवणार नाही, ते नसतील तर अडवेल.

विभागातलं जुनं यंत्र पुरेल की नवीन लागेल, यावर गाइडशी मतभेद झाला तर हॅलीचा मार्ग धरा. दहा नमुने घ्या. ते जुन्या यंत्रावर मोजा, तेच दहा दुसऱ्या संस्थेतल्या नव्या यंत्रावर मोजून आणा, आणि दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी ठेवा. डान्झिगला जायला हॅलीला समुद्र ओलांडावा लागला होता. तुम्हाला बहुधा पुण्याची एसटी पुरेल.